दक्षिणेचा प्लॉट, अदलाबदलीचे आठ दिवस

माझी बायको गेली तेव्हा तिच्या जागेवर जो दिवा लावला, त्याची वात दक्षिणेकडे होती. तशीच ठेवायची असते. माणूस गेलं की दहा दिवस त्या जागी एक वात जळते आणि तिचं तोंड यमाच्या दिशेला असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आईच्या वेळी आणि वडिलांच्या वेळी मीच त्यात तेल घातलं होतं. पण ते गावी. इथं आमच्या गारखेड्याच्या घराचं मुख्य दारच दक्षिणेला आहे. त्यामुळे दिवा दाराकडे बघत होता, आणि भेटायला येणारा प्रत्येक माणूस चपला काढून आत पाऊल टाकताना थेट त्या ज्योतीकडे बघत होता. कुणी काही बोललं नाही. आक्का तेवढी बोलली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं सारं आयुष्य फुलंब्रीकडच्या एका खेड्यात गेलं आहे आणि मनात आलेलं तिच्या तोंडात फार वेळ राहत नाही. तेराव्याची पानं उठल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

“भाऊ, दिव्यानं बी तेच दाखवलं बघ. हे दार लई वाईट. आता तरी बुजव अन पूर्वेला काढ.”

मी “बरं” म्हणालो.

आक्कालाही नवल वाटलं असावं. मी रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केली, घरी पुस्तकं जमवली, आणि दिशांच्या गोष्टी निघाल्या की गप्प बसून मंद हसत आलो. असा माणूस एका वाक्यात दार बुजवायला तयार झाला. नातेवाइकांनी अर्थ लावला की दुःखानं माणूस मऊ होतो. मुलानं पुण्याहून फोनवर विचारलं, “बाबा, तुम्ही हे मानायला कधी लागलात?” त्यालाही मी नीट उत्तर दिलं नाही.

खरं कारण वेगळं होतं. हा प्लॉट बदलून मिळू शकला असता. तिनं मला तसं विचारायला सांगितलं होतं. मी विचारलं नाही, आणि घरी येऊन सांगितलं की विचारलं, ते नाही म्हणाले. तिनं विश्वास ठेवला आणि तीस वर्षांहून जास्त काळ या दारातून जा-ये केली. मला एकच गोष्ट कळायला हवी होती, की ती या घरात भीत भीत राहिली का. आणि सांगणारीच गेली होती.

आम्ही तेव्हा गुलमंडीच्या मागं दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. शहर रेल्वे लाइनकडे आणि जालना रोडवर पसरायला लागलं होतं. ऑफिसातले लोक डब्याच्या वेळी प्लॉटशिवाय दुसरं बोलत नव्हते. रविवारी सकाळी मी तिला स्कूटरवर मागं बसवायचो आणि आम्ही जमीन बघायला निघायचो. जमीन मी बघायचो असं म्हणण्यात अर्थ नाही. मी स्कूटर स्टँडवर लावून उभा राहायचो, बघायची ती.

तिचे वडील शेतकरी होते, पण त्यांच्या आसपासच्या चार गावांत कुणाच्याही घराची चौकट बसायची असली की त्यांना बोलावणं यायचं. उंबरा कुठं, चूल कुठं, आड कुठल्या कोपऱ्यात, हे ते काठीनं जमिनीवर रेघा ओढून सांगायचे. लहानपणी ती त्यांच्याबरोबर फिरली होती. त्यामुळे तिच्याकडे ही माहिती एखाद्या सुताराच्या मुलीकडे लाकडाची असावी तशी होती. त्यात घबराट नव्हती. निदान तेव्हा मला दिसली नाही.

मुकुंदवाडीला स्टेशनापलीकडे एक पूर्वेचा प्लॉट होता. मला तो पसंत पडला. तिनं चारी कोपरे पायांनी मोजले आणि मान हलवली.

“हा वाघमुखी आहे. समोर रुंद अन मागं निमुळता. दुकानाला चालतो, राहायला नाही.”

“मग दुकान टाकू,” मी म्हणालो.

“तुम्ही? गिऱ्हाईक दारात ताटकळंल अन तुम्ही पुस्तकात तोंड घालून बसाल. वाघाचंसुद्धा नाव खराब होईल.”

चिकलठाण्याकडे एक होता, तिथं समोरचा रस्ता सरळ प्लॉटवर येऊन संपत होता. ती स्कूटरवरून उतरलीसुद्धा नाही. “रस्ता छातीवर येतोय. चला.” असे आम्ही पावसाळा सोडून पाऊण वर्ष हिंडलो. मला त्याचा कंटाळा येत नव्हता. परतताना आम्ही कुठंतरी भजी खायचो, आणि ती नाकारलेल्या प्लॉटची नक्कल करून दाखवायची.

माझा स्वतःचा या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि तो वडिलांकडून आला होता. वडील निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत आमच्या घरच्या माणसांना गाव सोडून दुसऱ्याच्या मळ्यातल्या खोपटात महिनाभर राहावं लागलं होतं. मी त्यानंतर जन्मलो. वडील म्हणायचे, “तेव्हा कुणी दाराचं तोंड बघितलं नाही. दार आहे का, एवढंच बघितलं.” हे वाक्य मी इतक्यांदा मनात घोळवलं होतं की त्यापुढं मला कुणाचीच भीती फार खरी वाटत नव्हती. बायकोचीसुद्धा. आता लिहिताना कळतं की वडिलांच्या वाक्यात मोठेपणा होता, आणि मी ते वापरत होतो त्यात थोडा आळस होता.

शेवटी आमच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून एक गृहनिर्माण सोसायटी काढली आणि गारखेड्याला एक शेत घेतलं. तिथं तेव्हा ज्वारीची धसकटं होती आणि मधोमध एक लिंब. प्लॉट पाडले गेले, आणि कुणाला कुठला हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं असं ठरलं. एका शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर पितळी पातेलं ठेवलं होतं. ज्याची त्यानं चिठ्ठी काढायची. बरेच जण काढण्याआधी हात छातीला लावत होते. मी लावला नाही. चिठ्ठी उघडली, फळ्यावरच्या नकाशात नंबर शोधला. आकार उत्तम होता, समोर जरा अरुंद, मागं रुंद, गोमुखी. आणि रस्ता दक्षिणेला.

माझ्या प्लॉटला मागून लागून असलेला, पूर्वेकडच्या रस्त्यावरचा प्लॉट आस्थापना शाखेतल्या एका मुसलमान सहकाऱ्याला निघाला. ते माझ्याहून वरच्या पदावर, वयानं थोडे मोठे. त्यांना आम्ही साहेब म्हणायचो.

सोसायटीचा एक नियम होता. आठ दिवसांच्या आत दोन सभासदांनी राजीखुशीनं लिहून दिलं तर प्लॉटची अदलाबदल करता येत होती. त्या आठ दिवसांत आमचं ऑफिस बाजारासारखं झालं होतं. कुणाला कोपरा हवा, कुणाला मेहुण्याच्या शेजारी, कुणाला पूर्व.

घरी मी तिला नकाशा काढून दाखवला. ती बराच वेळ कागद फिरवत राहिली, जणू फिरवून दक्षिण बदलेल. मग म्हणाली, “बाकी सगळं चांगलं आहे. फक्त दार यमाकडं. साहेबांच्यात दिशेचं असं काही नसतं. एकदा त्यांना विचारून तर बघा.”

“बघतो,” मी म्हणालो.

मला कुणाकडे काही मागता येत नाही. दुकानात सुटे मागायचे तरी मी आधी मनात वाक्य जुळवतो. पहिल्या दिवशी मी साहेबांच्या टेबलापाशी गेलो. त्यांनी चहा मागवला, मी चहा पिऊन परत आलो. चौथ्या दिवशी पुन्हा गेलो. त्यांना खोकला झाला होता. मी खोकल्याची चौकशी केली. त्यांनी अडुळशाचं सांगितलं, मी मान डोलावली. नुसता लाजरेपणाच असता तरी मी स्वतःला माफ केलं असतं. पण टेबलापाशी उभं राहून माझ्या मनात असंही आलं होतं की शिकलेल्या माणसानं हे मागणं बरं दिसत नाही. साहेब काय म्हणतील, एवढी पुस्तकं वाचतो आणि यमाला भितो. माझी अब्रू आणि तिची भीती यांत मी माझी अब्रू उचलली.

संध्याकाळी ती कणीक मळत होती. “विचारलं का?”

“विचारलं. नाही म्हणाले.”

“बरं,” ती म्हणाली आणि कणकेला तेलाचा हात लावला.

घर बांधलं. दारावर तिनं दक्षिणमुखी मारुतीची तसबीर लावली. दक्षिणेच्या दाराला तो राखणीला असतो म्हणतात. मागच्या बाजूला साहेबांचं घर उभं राहिलं. आमची मागची भिंत आणि त्यांची बाजूची भिंत एकच होती. दोन वर्षांत दोघी बायकांनी गवंड्याला सांगून त्या भिंतीत एक छोटं फाटक पाडून घेतलं. साहेबांची बायको माझ्या बायकोची ‘आपा’ झाली. माझी ‘भाभी’. फाटकातून वाट्या जायच्या, पातेली यायची, आणि दुपारी दोघींचं हसणं ऐकू यायचं. मी आत वाचत असायचो.

मी तिच्यावर पाळत ठेवली असं म्हणणं बरोबर नाही, पण माझं लक्ष असायचं. मुलाला गोवर निघाला तेव्हा ती दाराकडे बघते का. माझा हात मोडला तेव्हा काही म्हणते का. माझी आई, नंतर आक्का, येतील तेव्हा हमखास दाराचा विषय काढायच्या आणि ती हसून म्हणायची, “आता काय, यम अन आम्ही शेजारी झालो.” त्या हसण्याच्या खाली काय आहे ते मला कधीच दिसलं नाही. विचारलंही नाही. विचारलं असतं तर पुढचा प्रश्न माझ्याकडे आला असता.

ती सत्तरीच्या जवळ गेली, मूत्रपिंडाच्या दुखण्यानं, दीड वर्ष झिजून. डॉक्टरांना दुखण्याचं कारण माहीत होतं आणि त्यांनी ते मला समजावून सांगितलं होतं. ते मला पटलंही होतं. तरी दहा दिवस त्या दिव्यात तेल घालताना मी रोज एकच हिशेब मांडत बसायचो, की पूर्वेच्या घरात ती निदान निर्धास्त जगली असती.

वर्षश्राद्धाला महिना राहिला तेव्हा आक्का गावाहून मुक्कामालाच आली. नातवानं तिच्या मोबाइलमध्ये होकायंत्र घालून दिलं होतं. ती उंबऱ्यावर उभी राहून मोबाइल हातावर आडवा धरून फिरली.

“भाऊ, हे तर निव्वळ दक्षिण बी नाय. आग्नेयेला कललंय.”

“मग बरंच झालं की.”

“बरं कसलं? दक्षिण परवडली!”

मिस्त्री आला. त्यानं हॉलच्या पूर्वेच्या भिंतीवर लाल पेन्सिलीनं दाराची चौकट आखली. दार बाजूच्या चार फुटांच्या बोळात उघडणार होतं आणि तिथून वळसा घालून माणूस पुन्हा दक्षिणेच्या फाटकातूनच रस्त्यावर जाणार होता. मी तसं म्हणालो.

“फाटक चालतं,” आक्का म्हणाली. “उंबरा बघायचा असतो.”

मिस्त्री हसला नाही. असली कामं त्यानं पुष्कळ केली असावीत. जाताना म्हणाला, “सर, पाण्याचं बघा. तुमचा नळ येतो आठवड्यातून एकदा. वाळू-सिमेंटचं काम आहे, तीन दिवस पाणी लागंल. मागं बोअर आहे ना?”

बोअर भाभींचा होता. म्हणजे मला मागायला जावं लागणार होतं.

मी दुपारी मागच्या भिंतीतल्या फाटकातून गेलो. ती गेल्यापासून त्या फाटकातून भाभीच इकडे येत होत्या, रोज काहीतरी झाकून घेऊन. मी तिकडे गेलो नव्हतो. साहेब जाऊन सात वर्षं झाली. भाभी आता एकट्याच असतात, मुलगी रोज येऊन जाते. त्या ओट्यावर बसून लाल मिरच्यांची देठं काढत होत्या. मी आधीच वाक्य जुळवून गेलो होतो.

“भाभी, थोडं पाणी लागणार आहे. तीन दिवस. घरात काम काढलंय.”

“ले लो ना भाईसाब, पानी कू पूछते क्या? क्या काम निकाला?”

“दार फिरवतोय. पूर्वेला.”

त्यांचा हात थांबला. “कायकू?”

“आक्काचं म्हणणं आहे…”

“आक्का का छोडो. तुमकू क्या लगता?”

असं मला सरळ कुणी विचारलं नव्हतं. मी ओट्याच्या कडेला बसलो. मिरच्यांच्या खाटानं ठसका येत होता, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं तरी ते कशाचं हे सांगायची गरज नव्हती. मी म्हणालो, “भाभी, मला तिला एक गोष्ट सांगायची राहिली. चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा तिनं मला साहेबांना विचारायला पाठवलं होतं, प्लॉट बदलून द्याल का म्हणून. मी विचारलंच नाही. अन तिला सांगितलं, साहेब नाही म्हणाले.”

भाभींनी एक मिरची उचलली, देठ मोडलं, टोपल्यात टाकली.

“मालूम है,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नसावं. मी पुन्हा सांगायला लागलो.

“अरे मालूम है बोली ना. उसकू भी मालूम था.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं लिहू शकणार नाही, पण जवळपास तसंच लिहितो.

त्या आठ दिवसांतल्या सातव्या दिवशी माझी बायको रिक्षा करून शहागंजला त्यांच्या भाड्याच्या घरी गेली होती. तोवर दोघींची ओळखही नव्हती. घर विचारत विचारत जिना चढून वर गेली. साहेब जेवायला घरी आले होते. तिनं दारातच सांगितलं, तुम्ही नाही म्हणालात ते कळलं, पण मी एकदा स्वतः विचारायला आले.

“इनो बोले, मैं कब नहीं बोला?” भाभी साहेबांची नक्कल करत म्हणाल्या. “बोले, तुमारे मियाँ दो बार आए. एक बार चाय पिए, एक बार मेरी खाँसी पूछे. प्लाट का तो एक लफ्ज नहीं निकाले!”

“मग ती?” मी विचारलं.

“वो? पहले तो देखती रही. फिर ऐसा हँसी, ऐसा हँसी, दीवार पकड के बैठ गई. मेरेकू लगा कुछ हो गया इसकू. मैं पानी लाई.”

साहेबांनी लगेच कागद काढला. त्यांना दक्षिण काय आणि पूर्व काय, सारखंच होतं. त्यांनी अदलाबदलीची संमती लिहिली, खाली सही केली आणि कागद तिच्या हातात दिला. फक्त माझी सही व्हायची राहिली होती. ती आभार मानून जिना उतरली.

“और आधे जीने से वापस आई,” भाभी म्हणाल्या. “मैं उस वक्त पेट से थी. सातवाँ चल रहा था. ये रोज आती वो लडकी. वो मेरे पेट कू देखी, कागज मेरे हात में रखी, और बोली…” इथं भाभी मराठीत आल्या. माझ्या बायकोशी त्या मराठीतच बोलायच्या, आणि त्यांच्या मराठीत तिचे हेल होते. “बोली, आपा, जे मला माझ्या घरी नको वाटतं ते तुमच्या दारात ठेवून मी तिकडं निवांत झोपू व्हय? मला नाही जमायचं.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मैं बोली, हमारे में ऐसा कुछ मानते नहीं, तुम बेफिकर ले लो. तर म्हणाली, यम काय धर्म विचारून येतो का, आपा?”

भाभी हसल्या आणि डोळ्यांना पदर लावायला गेल्या. हाताला मिरची होती हे वेळेवर आठवून थांबल्या.

माझ्या तोंडून शब्द निघाला तो भलताच. मी म्हणालो, “मग मला का नाही सांगितलं?” माझ्या आवाजात राग होता. होताच. तीस वर्षं मी एक गोष्ट उशाशी घेऊन झोपलो आणि शेजारी झोपणारीला ती ठाऊक होती.

“मैं भी यहीच बोली उसकू. कितने बार बोली, बता दे बिचारे कू. तर म्हणायची, जन्मात एकच खोटं बोललाय माणूस, राहू दे त्याच्याजवळ. मेरेकू कसम डाली. मेरेकू क्या मालूम भाईसाब, तुम इसकू पकड के बैठे. मैं समजी तुम कब के भूल गए.”

तिचं तसं म्हणणं मला ओळखीचं होतं. त्यात प्रेम होतं आणि थोडी शिक्षाही होती. ती मला वाचवायची तेव्हासुद्धा पूर्ण मोकळं सोडायची नाही. मी मनातल्या मनात तिच्याशी भांडलो, बऱ्याच महिन्यांनी. एवढे महिने मी तिची फक्त माफी मागत होतो, आणि मेलेल्या माणसाची माफी मागत राहिलं की ते माणूस हळूहळू फोटोसारखं होतं. ओट्यावर बसून मला तिचा खराखुरा राग आला आणि ती पुन्हा हाडामांसाची झाली.

एक प्रश्न उरला होता. मी तो वाक्य न जुळवता विचारला.

“भाभी, ती भ्यायची का? त्या घरात?”

भाभींनी खोटं सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्या म्हणाल्या, “पहले साल डरी. बच्चे कू बुखार आया तो इधर आके रोई. मैं बोली, अब भी बदलते क्या? घर बन गए थे, फिर भी बोली मैं. तर म्हणाली, नको, घेतलं ते घेतलं. फिर… फिर कायकू डरती? काम पडे थे सिर पे. तुमारी अम्मा, तुमारी आक्का कुछ बोल के जाते ना, तो इधर आके उनकी नकल करती और हम दोनों हँसते बैठते.”

म्हणजे दुपारी ऐकू यायचं ते हे हसणं.

मी उठलो. उठताना मी नेहमी भिंतीला हात लावतो आणि त्या दिवशी लावला नाही, हे फाटकाशी आल्यावर माझ्या लक्षात आलं. भाभींनी मागून हाक मारली, “पानी कब लगता?”

“नाही लागणार,” मी म्हणालो.

आक्का हॉलमध्ये गहू निवडत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो, “आक्का, दार राहू दे. हे घर तिनं निवडलंय.”

“तिनं? तिला तर पूर्व पाहिजे होती. मला ती स्वतः बोलली होती, चिठ्ठ्या निघाल्या तव्हा.”

मग मी आक्काला सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही, चहा आणि खोकलाही, शहागंजचा जिनाही, नकलाही. सांगताना मधेच थांबायचं नाही असं ठरवलं होतं. आक्काच्या हातातलं सूप मांडीवर राहिलं. ती मला ओरडेल असं वाटलं होतं.

“म्हंजी तू तिला खोटं बोलला,” ती शेवटी म्हणाली, “अन तिनं तुला जन्मभर कळू दिलं नाय. लई जोडी जमली रे तुमची.”

“हो.”

“अन मी येडी, आले की तिला दार दार करत बसायची. ती गपगुमान मला चहा करून द्यायची.” आक्कानं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. मग एकदम विचारलं, “माझी नक्कल करायची म्हणती ती आपा? कशी करायची?”

“मी नाही बघितली.”

“विचारून ये की.”

“तूच विचार. फाटक उघडंच आहे.”

आक्का खरंच उठली. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, पदर सारखा करत मागच्या दारानं गेली. गेली तीस वर्षं ती या घरात येत होती, पण त्या फाटकातून ती कधी पलीकडे गेली नव्हती. थोड्या वेळानं भाभींचा आवाज आला, मग आक्काचा, “असं? असं म्हणते मी?”, आणि मग दोघींचा मिळून.

मी मिस्त्रीला फोन लावला. काम रद्द म्हटल्यावर त्यानं कारण विचारलं. मी म्हणालो, “घरातल्यांचं तसं ठरलेलं होतं. मला उशिरा कळलं.” तो म्हणाला, “होतं सर असं,” आणि फोन ठेवला.

नंतर मी एक फडकं ओलं करून पूर्वेच्या भिंतीवरची लाल रेघ पुसायला घेतली. पेन्सिल पुरती निघत नव्हती. रंगही थोडा सुटून आला आणि भिंतीवर दाराच्या आकाराचा एक फिकट डाग राहिला. तो रंगवून घ्यायचा की तसाच ठेवायचा ते अजून ठरवलेलं नाही. रविवारी मुलाचा फोन येतो. त्याला सगळं सांगणार आहे.